चुळकडा

शहराच्या मावळतीला जी बोडकी टेकडी दिसते, तिच्या माथ्यावरचा कडा मध्येच तुटलेला आहे. भाकरीचा लचका दातांनी तोडावा तशी त्याची कड दिसते. तोच चुळकडा. लांबून येणाऱ्याला आधी तो दिसतो, मग शहर दिसतं. घरी पाहुणा आला की त्याला तिथं नेल्याशिवाय इथल्या माणसाला चैन पडत नाही. वाट काही अवघड नाही, पण तिच्यावर सावली म्हणून नाही. सकाळी लवकर निघालं तरी ऊन पाठीवर येऊन बसतं, ते माथा येईपर्यंत उतरत नाही.

पायथ्याला हे दगडी कुंड. इथं जरा उभं राहून बघावं. धावायचे बूट घातलेली पोरं, पदर खोचलेल्या बायका, कॉलेजातल्या मुली, पेन्शनीतली माणसं, जो येतो तो वाकतो, ओंजळीनं पाणी घेतो, तोंडात भरतो आणि गाल फुगवून चालायला लागतो. गिळायचं नाही, थुंकायचं नाही. वाटेत कुणी कुणाशी बोलत नाही. खिशातला फोन वाजला तर वाजू देतात. कड्याच्या काठाला चौकोनी भोकांची रांग आहे, त्यातल्या एका भोकात ते पाणी सोडायचं. नवख्या माणसाला बाकीच्यांचे गाल बघून हसू येतं, हसलं की पाणी सांडतं, मग बिचारा पुन्हा खाली येऊन भरतो. त्याला कुणी रागवत नाही. हे का करतात ते ठाऊक झालं की हसू आपोआप जातं. सांगायला वेळ लागेल, तेव्हा बसावं. कुंडाचा कठडा अजून गार आहे.

शहर नव्हतं तेव्हाची गोष्ट आहे, असं सांगतात. खाली आठवडी बाजाराचं एक लहानसं गाव होतं आणि गावाच्या कडेला पाथरवटांची वस्ती. कडा तेव्हा तुटलेला नव्हता. माथ्यावरून एक लांबरुंद शिळा पुढं आलेली होती आणि तिच्याखाली नुसती पोकळी. लोक तिला जीभ म्हणायचे. माथ्यावर चौकी होती आणि चौकीवर वाघोजी नावाचा ठाणेदार. त्याच्या वर कोण होतं ते कुणाला माहीत नव्हतं, आणि विचारायला जाणार तरी कोण?

या वाघोजीला जिभेवर गादी टाकून बसायची भारी हौस. खाली सगळा मुलूख दिसायचा. ज्याच्यावरून त्याची मर्जी उतरली, त्याला तो जिभेच्या टोकाला उभा करायचा आणि भाल्याच्या दांड्यानं ढकलून द्यायचा. तेही बाजाराच्या दिवशी, लख्ख उन्हात, म्हणजे खालच्यांना नीट दिसावं. एकाला ढकललं ते मुजरा करताना हसला म्हणून. एकाला ढकललं ते बैल द्यायला नाही म्हणाला म्हणून. खाली पडलेलं उचलायची मुभा नव्हती. बाजारातली माणसं मान खाली घालून मीठ-मिरची घ्यायची आणि वरून ओरडणं ऐकू आलं की पोरांचे कान झाकायची.

पाथरवटांचा म्हातारा सटवा. त्याला दोन मुलगे. धाकट्याचं नाव भरमा आणि भरमाची बायको गोजा. ही गोष्ट तिचीच आहे. थोरल्याची बायको जनका. दोघी जावा एकमेकींशी कडाकडा भांडायच्या आणि एका ताटात जेवायच्या.

एके वर्षी ऐन चैत्रात वाघोजीच्या मनात आलं की जिभेवर मंडप पाहिजे. सटवाला हुकूम झाला. सटवा वर गेला, जीभ पायानं चाचपली, हातोडीनं ठोकून कान लावला, आणि म्हणाला, "खांबांसाठी बुडाशी भोकं पाडावी लागतील, सरकार. या काठापासून त्या काठापर्यंत." वाघोजी म्हणाला, "पाड."

सटवाला खांब उभे करायचे नव्हतेच. दगड फोडायची या लोकांची रीत अशी, की एका ओळीत भोकं पाडायची, त्यांत वाळकं खडखडीत लाकूड घणानं ठोकून बसवायचं, म्हणजे पाचर, आणि मग तिच्यावर पाणी सोडायचं. लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि भल्या मोठ्या शिळेचे दोन भाग करून टाकतं. सटवानं जिभेच्या बुडाशी अशीच ओळ मांडली. खांब घट्ट बसायला आधी भोकांत लाकूड भरावं लागतं, असं त्यानं सांगितलं आणि ते खपलं. पाचरी बसल्या. आता राहिलं फक्त पाणी. एका सकाळी गोजा आणि जनका भरलेल्या घागरी घेऊन सासऱ्याच्या मागं उभ्या राहिल्या.

आणि तिथं म्हातारा चुकला. पाथरवट असल्याशिवाय ती चूक कुणाच्या हातून झाली नसती. शिळा फोडण्याआधी तिच्यावर कपाळ टेकायचं आणि तिची माफी मागायची, हा त्यांचा नेम. तीही तोंडानं, मोठ्यानं. मनातल्या मनात म्हटलेलं दगडाला ऐकू जात नाही, असं ते मानायचे. जन्मभर पाळलेला नेम त्याला चोरीच्या कामातसुद्धा मोडवला नाही. गुडघे टेकून, कपाळ लावून सटवा म्हणाला, "आई, तुला दुखवतोय. राग धरू नगंस."

मागं चौकीचा नाईक येमाजी उभा होता. त्यानं ऐकलं.

वाघोजी आला. त्यानं पाचरींकडं बघितलं, घागरींकडं बघितलं आणि त्याच्या ध्यानात आलं. तो हसला म्हणे. "मंडपाच्या खांबासाठी माफी मागत्यात व्हय रे म्हाताऱ्या?"

सटवा उठला, गुडघे झाडले. "दगडाची मागितली," तो म्हणाला. "तुझी न्हाई."

त्याला तिथंच उभा चिरला. थोरला मुलगा हातात घण घेऊन धावला, त्यानं एका शिपायाचं डोकं नारळासारखं फोडलं, पण पुढं तीन भाले होते. दोघांनाही जिभेवरून टाकून दिलं, एक मेलेला आणि एक जिवंत. दोघींच्या डोक्यावरच्या घागरी येमाजीनं दांडक्यानं फोडल्या. त्यांचं पाणी उतारानं चौकीकडं वाहून गेलं, पाचरींकडं थेंबही आला नाही. जनका खाली बसून मातीत हात घासत राहिली.

भरमाला मारलं नाही, त्याला कारण होतं. घणानं ठोकलेली वाळकी पाचर हातानं निघत नाही, ती छिन्नीनं कणाकणानं कोरून काढावी लागते, आणि ते काम येणारा तेवढाच उरला होता. जिभेच्या अंगाला लोखंडी खुंटी ठोकून त्याचा पाय साखळीनं बांधला. सगळ्या पाचरी निघाल्या की त्याचीही पाळी. वस्तीतल्या बायकांना वेठीला धरलं, त्यांनी रोज वर येऊन कोरलेला भुगा आणि दगडाच्या कपच्या पाटीतून खाली न्यायच्या. टेकडीवर बाहेरचं पाणी बंद झालं. वाटेच्या मधल्या वळणावर येमाजी झडती घ्यायचा. भाकरीचं फडकं सोडून बघायचा, पदर ओला दिसला तर पिळून बघायचा.

कुणीतरी वाघोजीला म्हणालं, सरकार, पाचरी निघेपर्यंत जिभेवर बसू नये. वाघोजी उसळला. "लाकडाला भिऊन वाघोजी उठला, असं उद्या बाजारात बोलतील." आणि तो रोज मुद्दाम तिथंच बसायला लागला.

गोजा दुसऱ्या दिवशी याच कुंडावर आली. रडून तोंड कडू झालं होतं म्हणून तिनं चूळ भरली. आणि भरलेली चूळ तशीच धरून ती वर बघत राहिली. पाटी उचलली आणि चालायला लागली.

हीच वाट. असंच ऊन. नाकानं श्वास घ्यायचा, घशाला कोरड पडलेली आणि जिभेवर पाणी. चढावर पाणी आपोआप घशात उतरायला बघतं. येमाजीनं फडकं सोडलं, पाटी उलटी केली, पदर पिळला. "काय गं, मुकी झालीस? सासऱ्यासंगं जीभबी खाली गेली व्हय?" गोजानं मान खाली घातली. त्यानं थोबाडीत मारली. तिचा एक दात तुटला, पाण्यात रक्त मिसळलं, ते खारट तोंडभर झालं, पण ओठ उघडले नाहीत. वर जाऊन ती कपच्या भरायला वाकली आणि पहिल्या भोकात तोंड रिकामं केलं. लालसर पाणी लाकडानं घटाघटा पिऊन टाकलं.

भरमानं ते बघितलं. त्यानं त्यावर मूठभर भुगा लोटला, ऊन लागू नये म्हणून. मग हळूच म्हणाला, "दात पडला गं तुझा."

"अवो, एकच पडला," गोजा म्हणाली. "बाकीचे हाईत."

दुसऱ्या दिवशी जनका आली, तिसऱ्या दिवशी सगळी वस्ती. रोज बायकांची रांग मुक्यानं टेकडी चढायची. भरमा पाचरींची नुसती डोकी कोरायचा, खालचं लाकूड तसंच ठेवायचा. येमाजीला वाटलं, सुतक पाळतात. तो ओरडून चौकीला सांगायचा, "बायका आणि गप्प! सरकार, ही शिक्षा आमच्या घरीबी द्या की!" शिपाई पोट धरून हसायचे.

गोजाला एकच काळजी होती, ती खुंटीची. साखळी जिभेच्या अंगाला होती. शिळा गेली तर तो माणूसही तिच्याबरोबर जाणार. रोज पाणी सोडून झालं की ती तेवढंच विचारायची, "खुंटी कुठवर आली?" आणि भरमा म्हणायचा, "माझं मी बघतो. छिन्नी माझ्याच हातात हाय का न्हाई?"

मग येमाजीला संशय आला. त्या दिवशी वळणावर जनका पुढं होती आणि गोजा तिच्या पाठीशी. त्यानं जनकाचे गाल चिमटीत धरले आणि दाबायला लागला. "आज बोलल्याबिगर सोडत न्हाई. नाव सांग तुझं." गाल दाबले की ओठ उघडणार आणि पाणी त्याच्या हातावर येणार. मग सगळंच उघडं पडणार. जनकानं पाणी गिळून टाकलं आणि त्याच दमात त्याची दोन बोटं दातांत धरली. हाडापर्यंत चावली. येमाजी केकाटला, डाव्या हातानं त्यानं भाला उचलला आणि तिच्या पोटात घातला. ती वाटेवर आडवी झाली. दातांतून बोटं काढायला शिपायाला तिचा जबडा फोडावा लागला.

गोजाच्या पायाशी हे झालं. तिच्या छातीत हंबरडा उठला, तो नाकातून नुसता सुसकारा होऊन बाहेर पडला. येमाजी रक्ताळलेला हात काखेत धरून तिच्यावर खेकसला, "बघतीस काय? चल वर!" गोजा जावेच्या अंगावरून पलीकडं गेली. पाय रक्तात घसरला, तिनं तोल सावरला. तोंडातलं पाणी तिनं वर नेलं. ते सोडल्यावर भरमानं तिची दोन्ही मनगटं धरून ठेवली. तो म्हणाला, "दगड आतून बोलायला लागलाय. उद्या बाजार हाय, वाघोजी सगळी माणसं घेऊन बसंल. ऊन तापलं की मधल्या भोकात एक चूळ टाक. पुरं हाय."

"आणि खुंटी?"

"सांगितलं न्हवं, मी बघतो."

दुसऱ्या दिवशी आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. खाली बाजार भरला. वर वाघोजी आपल्या भालेकऱ्यांना घेऊन जिभेवर बसला. येमाजी हाताला चिंधी बांधून अलीकडच्या अंगाला उभा. भरमा म्हणाला, "सरकार, सगळ्या निघाल्या. तेवढा भुगा भरून न्यायला सांगा." वाघोजी खूश झाला. "भुगा न्या, आणि मग यालाबी न्या," तो म्हणाला. माणसं हसली.

बायका पाट्या घेऊन आल्या. गोजा अलीकडच्या अंगानं मधल्या भोकाशी वाकली. वाकताना तिची नजर खुंटीवर गेली.

खुंटीभोवतीचा दगड कोरा होता. एक टवकासुद्धा काढलेला नव्हता. तिथं दगडावर छिन्नी चालवली असती तर आवाज चौकीपर्यंत गेला असता, आणि तसं होऊ नये म्हणून त्यानं इतके दिवस नुसतं पाचरींचं लाकूडच कोरलं होतं. खुंटीचं तो कधी बघणारच नव्हता.

गोजा वाकलेलीच राहिली. विचारायचं तर पाणी गेलं असतं. ओरडायचं तर पाणी गेलं असतं. तोंडात होतं ते सोडायचं म्हणजे नवऱ्याला सोडायचं. आणि नाही सोडलं तर? तर घटकाभरानं याला ढकलणारच होते, आणि जीभ इथंच राहणार होती, पुढच्या बाजाराला, त्याच्या पुढच्या बाजाराला. हे सगळं तिला कळत होतं, असं सांगतात. कळत होतं तरी ओठ उघडेनात.

भरमा तिच्यासमोर उकिडवा बसला होता. मान न उचलता त्यानं विचारलं, "दात दुखतोय का गं अजून?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"मग वत की. कशाला थांबलीस?"

तिला काहीतरी सांगायचं होतं. काय ते कुणालाच माहीत नाही, कारण तोंड भरलेलं होतं. येमाजी मागून ओरडला, "ए बये, उचल पाटी!" आणि तिच्याकडं यायला निघाला. भरमानं एकदा वर बघितलं. गोजानं डोळे उघडे ठेवले आणि पाणी सोडलं.

आधी काहीच झालं नाही. वाघोजी म्हणत होता, "काय पुटपुटतोय रे तो पाथरवट?" मग जमिनीतून बार उडाल्यासारखा आवाज झाला आणि भोकापासून भोकापर्यंत एक रेघ पळत गेली. वाघोजी गादीवरून उठला. त्याचा एक पाय उचललेला होता, तो टेकायला खाली काही उरलं नाही. अख्खी जीभ वाकली, क्षणभर तशीच अडून राहिली, आणि गेली. गादी, छत्री, भाले, माणसं, सगळं उन्हात चमकत खाली गेलं. धूळ इतकी उठली की बाजारातल्यांना ऊन दिसेना. धुरळ्यातून माणसांचे तुकडे पडत होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी मान खाली घातली नाही.

येमाजी पळाला, पण वाट बायकांनी अडवलेली होती आणि त्यांच्या पाट्यांत दगड होते. जनका पडली त्याच वळणावर त्यांनी त्याला ठेचला. त्याचा चेहरा ओळखू येईनासा झाला तरी हात थांबेनात, असं म्हणतात.

गोजा तिथं गेली नाही. ती नव्या काठावर बसून होती. पुढ्यात नुसतं आभाळ. तोंड रिकामं झालं होतं, आता बोलायला मोकळी होती. त्या काळी बाई नवऱ्याचं नाव घेत नसे, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं असं मानायचे. गोजानंही कधी घेतलेलं नव्हतं. अवो म्हणायची, तेवढंच. ती उठली, काठावर उभी राहिली आणि पोकळीत ओरडली, "भरमा!"

समोरच्या डोंगरानं नाव परत दिलं. तिनं पुन्हा हाक मारली. ऊन उतरेपर्यंत ती हाका मारत होती, असं सांगतात. मग खाली आली. पुढं तिनं छिन्नी हातात घेतली आणि म्हातारी होऊन मेली.

आजही माणूस कड्यावर पोचतो, भोकात पाणी सोडतो, आणि त्यानंतर त्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो आपल्या माणसाच्या नावाचा. कुणी आईचं घेतं, कुणी गेलेल्या लेकाचं, कॉलेजातल्या मुली कुणाकुणाचं घेतात ते एकमेकींना विचारत नाहीत. लग्नाला जन्म लोटला तरी घरात नवऱ्याला नावानं हाक न मारलेल्या म्हाताऱ्या नातवाचा हात धरून वर येतात, तोंड पुसतात आणि पोकळीकडं बघून ते नाव मोठ्यानं उच्चारतात. उखाणा नाही, आडपडदा नाही, नुसतं नाव. समोरचा डोंगर ते परत देतो. ते ऐकून झाल्यावर मग लोक आपापसांत बोलायला लागतात.